सहा ‘पारंपरिक’ गाणी, त्यातली दोन नव्हेतच : नॅशव्हिलच्या एका ख्रिसमस अल्बमचं प्रकरण

हे प्रकरण २०२४ सालचं. गायिका, निर्माता, प्रेसिंग प्लांट (सीडी आणि तबकड्या छापणारा कारखाना) यांची नावं गाळली आहेत. ओळख पटू नये म्हणून काही तारखा आणि आकडे बदलले आहेत, आणि एक-दोन तपशील तशाच दुसऱ्या कामांतून घेतले आहेत. कायद्यातल्या तरतुदी, दर आणि गाण्यांचा इतिहास मात्र जसाच्या तसा आहे.

पार्श्वभूमी

गायिका पूर्व टेनेसीच्या डोंगराळ भागातली, चाळिशीतली. मोठ्या कंपनीशी करार नाही, स्वतःचं छोटं लेबल. कमाई मुख्यतः प्रत्यक्ष कार्यक्रमांची : जुलै-ऑगस्टमध्ये काउंटी आणि स्टेट फेअर, डिसेंबरमध्ये चर्च आणि चारपाचशे खुर्च्यांची थिएटरं. डिसेंबरच्या कार्यक्रमांत ती गेली काही वर्षं ख्रिसमसची गाणी गातच होती. कार्यक्रम संपल्यावर लोक टेबलापाशी येऊन “याची सीडी आहे का?” असं विचारत, आणि ती नव्हती.

कंट्री गायकाच्या कारकिर्दीत ख्रिसमस अल्बमला एक वेगळं स्थान आहे. साधा अल्बम निघाल्यावर काही महिन्यांत जुना होतो. ख्रिसमसचा अल्बम अकरा महिने झोपतो आणि नोव्हेंबरात पुन्हा उठतो, आपल्याकडे गणपतीची गाणी दरवर्षी मांडवात परत येतात तसाच. ब्रेंडा लीने १९५८ मध्ये नॅशव्हिलमध्ये निर्माता ओवेन ब्रॅडलीच्या हाताखाली गायलेलं नाताळचं गाणं बिलबोर्ड हॉट १००च्या पहिल्या क्रमांकावर पोचलं ते डिसेंबर २०२३ मध्ये, ६५ वर्षांनी. तेवढी मजल कुणी हिशेबात धरत नाही, पण एकदा नीट केलेलं काम पुढची दहा-पंधरा वर्षं टेबलावर ठेवता येतं, हा हिशेब प्रत्येक जण करतो. याची दुसरी बाजू अशी की अशा अल्बममध्ये राहिलेली कागदोपत्री चूकसुद्धा दरवर्षी परत येते.

जानेवारीत ठरलेला आराखडा असा : दहा गाणी, एकूण ३४ मिनिटं. १,००० सीडी, ५०० एलपी (सुईने वाजणाऱ्या मोठ्या तबकड्या). डिजिटल प्रकाशन, सीडी आणि एलपी तिन्ही शुक्रवार १८ ऑक्टोबरला. तिथून उलट मोजत येऊन मेमध्ये ध्वनिमुद्रण, जूनमध्ये ओव्हरडब (आधीच्या मुद्रणावर भर घालणं), जुलैत मिक्स, आणि ९ ऑगस्टला एलपीचं मास्टर, म्हणजे छापायला तयार अंतिम मुद्रण, प्लांटकडे. एलपीला वेळ लागतो म्हणून प्लांटकडे जागा मार्चमध्येच राखून ठेवली होती.

गाणी कशी निवडली

दहा गाण्यांची वाटणी पैशाच्या विचारातून झाली होती. सहा ‘पारंपरिक’ कॅरोल (नाताळगीतं), दोन सर्वांना ठाऊक असलेली हक्क असलेली गाणी, आणि दोन स्वतःची नवी.

सहा पारंपरिक का, हे समजून घेणं गरजेचं आहे, कारण पुढची सगळी गुंतागुंत तिथूनच निघाली. हक्कमुक्त गाण्याला मूळ लेखकाची रॉयल्टी द्यावी लागत नाही. शिवाय नवी मांडणी (अरेंजमेंट) पुरेशी वेगळी असेल तर त्या मांडणीचे हक्क मांडणी करणाऱ्याला नोंदवता येतात. निर्माता हाच मांडणीकार होता. त्याने आपलं मानधन कमी केलं आणि बदल्यात सहा गाण्यांच्या मांडणीत हिस्सा घेतला. तशी स्प्लिट शीटवर, म्हणजे हक्कांतले वाटे लिहिलेल्या कागदावर, सहीही झाली. हातात रोकड कमी असलेल्या गायिकेला हा व्यवहार सोयीचा होता.

सहा गाणी अशी : ‘सायलेंट नाइट’, ‘ओ होली नाइट’, ‘अवे इन अ मेंजर’, ‘गो टेल इट ऑन द माउंटन’, ‘आय वंडर अ‍ॅज आय वॉन्डर’ आणि ‘द लिटल ड्रमर बॉय’. जाणकाराला शेवटची दोन नावं लगेच खटकतील. इथे कुणालाही खटकली नाहीत. पाचवं गाणं गायिकेने लहानपणी चर्चमध्ये ऐकलेलं, सूर थेट अ‍ॅपलाचियन डोंगरातला वाटणारा. सहावं इतक्या वेळा कानावर पडलेलं की त्याला कुणी एक कर्ता असेल असं वाटतच नाही. त्यात पाचव्या गाण्यात तिने स्वतः लिहिलेलं एक कडवं जोडलं होतं, शेवटी. अल्बमचं नावही त्याच कडव्यातल्या एका ओळीवरून घेतलेलं.

स्टुडिओतलं काम

मेमध्ये दोन दिवसांत तीन-तीन तासांची तीन सत्रं झाली. नॅशव्हिलमध्ये सत्रांच्या वेळा ठरलेल्याच असतात : १० ते १, २ ते ५, ६ ते ९. वादक संघटनेच्या मास्टर दराने एका सत्रात पूर्ण झालेलं संगीत १५ मिनिटांपेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणजे ३४ मिनिटांना तीन सत्रं लागणारच. सात वादक होते : ड्रम्स, बेस, अकूस्टिक गिटार, इलेक्ट्रिक गिटार, पियानो-ऑर्गन, पेडल स्टील गिटार, फिडल-मँडोलिन. त्यातला एक प्रमुख, त्याला दुप्पट दर.

सगळी बांधणी नंबर चार्टवर झाली. पट्टी कुठलीही असो, तिच्या सा वर उभ्या कॉर्डला १ म्हणायचं आणि बाकीच्या त्या हिशेबाने लिहायच्या. ही पद्धत १९५०च्या दशकात जॉर्डनेअर्स गटातल्या नील मॅथ्यूज यांनी वापरायला सुरुवात केली आणि चार्ली मॅककॉय यांनी ती सत्रांतल्या वादकांत रुजवली. गायिकेचा आवाज त्या दिवशी जड असेल तर पट्टी अर्धा स्वर उतरवायची, कागद तोच राहतो. ख्रिसमसच्या गाण्यांत एक अडचण येते : कॅरोलच्या जुन्या सुसंवादात एकेका बारमध्ये, म्हणजे तीन-चार मात्रांत, दोन-दोन, तीन-तीन कॉर्ड असतात, त्यामुळे चार्ट गच्च होतो आणि वादक डोकं खाली घालून वाजवतात. निर्मात्याने त्यातल्या निम्म्या कॉर्ड काढून टाकल्या. हा निर्णय चांगला होता. कंट्रीला मोकळी जागा लागते, स्टील गिटारला सरकायला वाव हवा.

‘आय वंडर’ हे गाणं क्लिकशिवाय (कानात ठरीव ताल देणाऱ्या टिकटिकीशिवाय), गायिकेच्या श्वासाबरोबर वाजवलं गेलं. डी मायनरमध्ये तीन मूळ कडवी, मग ई-फ्लॅट मायनरमध्ये अर्धा स्वर चढून तिचं नवं कडवं. ई-फ्लॅट मायनरमध्ये फिडलच्या मोकळ्या तारा उपयोगी पडत नाहीत, गुंजन मरतं. म्हणून वादकाने दुसरं फिडल अर्धा स्वर चढवून लावून ठेवलं होतं आणि शेवटच्या कडव्याआधी ते उचललं. टेक सुरेख झाला. दुसरा घेतलाच नाही.

घुंगरांच्या पट्ट्याबद्दल, म्हणजे स्ले-बेल्सबद्दल, इथेच लिहून ठेवायला हवं. दहापैकी तीन गाण्यांतच त्या वापरल्या, हे शहाणपण. पण त्या ड्रम्सच्या वर टांगलेल्या कंडेन्सर माइकमध्ये, ड्रम्सबरोबरच मुद्रित झाल्या. वेगळा ट्रॅक नव्हता. याचा फटका सप्टेंबरात बसला.

अडचण

५ ऑगस्टला, मास्टर देण्याच्या चार दिवस आधी, गायिकेच्या व्यवस्थापकाने प्रेसिंग प्लांटचा हक्कांविषयीचा फॉर्म भरायला घेतला. सीडी असो वा एलपी, प्लांट असा फॉर्म मागतोच : प्रत्येक गाण्यासमोर लेखक, प्रकाशक (गाण्याचे हक्क सांभाळणारी कंपनी) आणि परवान्याचा पुरावा. सहा गाण्यांसमोर ‘पारंपरिक’ लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी दोन गाण्यांवर खूण होऊन फॉर्म परत आला.

‘आय वंडर अ‍ॅज आय वॉन्डर’ हे लोकगीत नाही. जॉन जेकब नाइल्स यांनी १९३३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या मर्फी गावात एका मुलीच्या तोंडून तीन ओळींचा तुकडा ऐकला आणि त्यावरून पूर्ण गाणं स्वतः रचलं. ते १९३४ मध्ये प्रसिद्ध झालं. अमेरिकेत त्या काळातल्या प्रकाशित रचनेचा हक्क ९५ वर्षं चालतो, म्हणजे २०२९ अखेरपर्यंत. ‘द लिटल ड्रमर बॉय’ कॅथरीन के. डेव्हिस यांनी १९४१ मध्ये लिहिलं, तेव्हा नाव ‘कॅरोल ऑफ द ड्रम’ होतं. हस्तलिखितावर ‘चेक कॅरोल’ असा उल्लेख होता, पण ते मूळ चेक गाणं कुणालाच सापडलेलं नाही. १९५८च्या हॅरी सिमियोन कोरालच्या ध्वनिमुद्रणाने ते घरोघरी पोचलं. २०२४ मध्ये हक्कमुक्त म्हणायला रचना १९२८ किंवा त्याआधी प्रसिद्ध झालेली हवी होती. दोन्ही त्यात बसत नव्हती.

बाकीची चार ठीक होती. ‘सायलेंट नाइट’ १८१८चं, तिने गायलेला इंग्रजी अनुवाद जॉन फ्रीमन यंग यांचा, १८५९चा. ‘ओ होली नाइट’ची चाल अ‍ॅडॉल्फ अ‍ॅडम यांची १८४७ची, इंग्रजी शब्द १८५५चे. ‘अवे इन अ मेंजर’ची अमेरिकेत गायली जाणारी चाल जेम्स मरे यांनी १८८७ मध्ये छापली. (हे गाणं मार्टिन ल्यूथरचं असल्याचं जुन्या मलपृष्ठांवर छापलेलं असतं, तेही चूक. मलपृष्ठावरचं श्रेय दोन्ही दिशांनी फसवतं.) ‘गो टेल इट’ हे गुलामगिरीच्या काळातल्या कृष्णवर्णीयांचं भक्तिगीत, नॅशव्हिलच्याच फिस्क विद्यापीठातल्या जॉन वेस्ली वर्क यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जतन केलेलं. मात्र त्याच्या नंतरच्या काही छापील मांडण्यांवर हक्क आहेत, म्हणून निर्मात्याने कुठल्या पुस्तकातून घेतलं हे तपासावं लागलं.

पैशाने पाहिलं तर हा प्रश्न किरकोळ होता. २०२४चा कायद्याने ठरीव दर पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला प्रतीमागे १२.४ सेंट. सीडी-एलपी मिळून १,५०० प्रती, म्हणजे गाण्यामागे १८६ डॉलर. दोन गाणी वाढली म्हणून ३७२ डॉलर जास्त. अमेरिकेतल्या स्ट्रीमिंगच्या यांत्रिक हक्काचे (गाण्याची प्रत काढण्याच्या हक्काचे) पैसे तर २०२१ पासून स्ट्रीमिंग सेवाच एकत्रित परवान्यातून भरतात. खरा घोळ दुसरीकडेच होता, आणि तो दोन ठिकाणी होता.

पहिला, नवं कडवं. अमेरिकी कायद्याच्या ११५व्या कलमाखाली, एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं कुणीही नोटीस देऊन आणि ठरीव दर भरून पुन्हा गाऊ शकतं. यालाच सक्तीचा परवाना म्हणतात. आपल्या शैलीत बसवण्यापुरता मांडणीत बदल चालतो, पण मूळ चाल किंवा गाण्याचं मूळ रूप बदलता येत नाही. नवे शब्द जोडणं त्यापलीकडे जातं. त्याला प्रकाशकाची स्वतंत्र संमती लागते, आणि ती द्यायचं बंधन प्रकाशकावर नाही.

दुसरा, निर्मात्याचा हिस्सा. त्याच कलमात स्पष्ट म्हटलं आहे की सक्तीच्या परवान्याखाली केलेल्या मांडणीला, मालकाच्या संमतीशिवाय, स्वतंत्र हक्क मिळत नाही. सहा गाण्यांवर ठरलेला हिस्सा चारांवर आला. निर्मात्याने कमी मानधन घेतलं होतं ते सहांच्या भरवशावर.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, प्रकाशकाकडे कडव्याची परवानगी मागायची आणि थांबायचं. उत्तर कधी येईल ते सांगता येत नाही.

दुसरा, गाणंच काढायचं. मग नऊ गाणी, अल्बमचं नाव निराधार, एलपीची दुसरी बाजू तोकडी.

तिसरा, नवं कडवं कापून गाणं तिथेच संपवायचं. ऐकायला हे सर्वांत सोपं वाटतं. पण क्लिक नसल्याने आणि स्वर चढवण्याच्या दोन मात्रा तिसऱ्या कडव्याच्या शेवटच्या शब्दाखालीच सुरू होत असल्याने कापायला स्वच्छ जागाच नव्हती. संपादकाने दोन ठिकाणी प्रयत्न केला. दोन्ही वेळा स्टील गिटारचा लांबलेला स्वर तुटका ऐकू येत होता.

चौथा, संगीत तसंच ठेवून चढ्या पट्टीत पहिलंच कडवं पुन्हा गायचं. हे मूळ गाण्याच्या रिवाजातच बसतं, बहुतेक गायक शेवटी पहिल्या कडव्याकडे परततात.

पाचवा, शेवटचं कडवं शब्दांशिवाय ठेवायचं आणि तिथे फिडलने चाल वाजवायची. फिडलवादकाने टेकनंतर सहज म्हणून पूर्ण चाल वाजवलेली होती, ती मुद्रितही झालेली होती.

निर्णय आणि कृती

चौथा पर्याय निवडला आणि पहिलाही समांतर चालू ठेवला. कारण सांगितलं गेलं ते असं : गाणं गायिकेचं आहे, ते तिच्या आवाजात संपलं पाहिजे. हे कारण चुकीचं नाही, पण ऑगस्टच्या मध्यावर ते महागात पडलं. पाचवा पर्याय एका दुपारचं काम होता. या प्रकरणातला हा खरा वळणबिंदू, आणि आमच्या मते तिथे घेतलेला निर्णय कमकुवत होता.

आधी एक सोपी वाट पाहिली : पहिल्या कडव्याचाच मुद्रित आवाज उचलून अर्धा स्वर चढवायचा. अर्धा स्वर चढवल्याने आवाज फारसा बिघडत नाही, पण लय मोकळी असल्यामुळे ओळींची लांबी जुळेना, आणि पहिल्या कडव्यातला दबका आवाज शेवटच्या भरलेल्या वाद्यांवर पोरका वाटू लागला. ते सोडून दिलं.

गायिका त्या वेळी मिडवेस्टमधल्या मेळ्यांत फिरत होती. वाटेतल्या एका छोट्या स्टुडिओत, मेमध्ये वापरला होता त्याच प्रकारचा न्यूमन यू ६७ माइक भाड्याने आणून ११ ऑगस्टला प्रयत्न केला. दोन रात्री उघड्या मैदानावर गाऊन घसा धुळीने भरलेला, खोली लहान आणि जास्त मऊ. तीन मूळ कडव्यांनंतर हे चौथं आलं की दुसरीच बाई गायला लागल्यासारखं वाटत होतं. माइक तोच असून भागत नाही. खोली, माइकपासूनचं अंतर, प्री-अ‍ॅम्प आणि कम्प्रेसरच्या मांडण्या हे सगळं मिळून आवाज बनतो. सुदैवाने मेमधल्या सत्राच्या वेळी सहाय्यक अभियंत्याने प्रत्येक यंत्राच्या बटणांचे फोटो काढून ठेवले होते आणि माइकचं अंतर, २५ सेंटिमीटर, लिहून ठेवलं होतं. १९ ऑगस्टला, दोन दिवस घशाला विश्रांती देऊन, नॅशव्हिलच्या मूळ खोलीत तेच कडवं पुन्हा गायलं. अर्ध्या तासात काम झालं. २१ तारखेला नवं मास्टर तयार झालं.

९ ऑगस्टची एलपीची जागा तोवर गेली होती.

दरम्यान दोन्ही गाण्यांचे परवाने घेतले. यात वेळेचं भान लागतं : प्रत तयार करण्याआधी किंवा तयार केल्यापासून ३० दिवसांच्या आत, आणि वितरणाच्या आधी तर नक्कीच, नोटीस गेली पाहिजे. ती चुकली तर सक्तीच्या परवान्याचा हक्क जातो आणि प्रकाशक मागेल ती किंमत द्यावी लागते. छोट्या संख्येसाठी हॅरी फॉक्स एजन्सीमार्फत ऑनलाइन परवाना मिळतो, तोच मार्ग घेतला. वेष्टणाची छपाई थांबवून श्रेय दुरुस्त केलं. स्प्लिट शीट नव्याने झाली : दोन गाण्यांवरचा मांडणीचा हिस्सा रद्द, बदल्यात निर्मात्याला एकरकमी फरक. हा फरक अल्बम निघण्याआधी दिला गेला, म्हणून संबंध टिकले. अशी बाकी पुढच्या वर्षावर ढकलली की ती भांडणातच निघते.

एलपीची दुसरी अडचण

सप्टेंबरच्या शेवटी चाचणी-प्रती आल्या. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं वेगवान, घुंगरांनी भरलेलं, मुद्दाम बाजू दणक्यात संपावी म्हणून तिथे ठेवलेलं. आणि तिथेच घुंगरं फाटत होती, ‘स’ थुंकल्यासारखा येत होता.

कारण साधं भूमितीचं आहे. ३३⅓ फेऱ्यांची एलपी एकाच गतीने फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या टोकाला जेमतेम २१. तेवढ्याच वेळाचं संगीत निम्म्याहून कमी लांबीत कोंबायचं. मंद, मऊ गाणं ते सोसतं. घुंगरांची ऊर्जा वरच्या कंपनांत असते आणि तिथल्या बारीक लाटांतून सुईला नीट वळता येत नाही. म्हणून एलपीवर वेगवान, झणझणीत गाणं बाजूच्या सुरुवातीला आणि शांत गाणं शेवटी ठेवायचं, हा जुना नियम आहे. डिजिटलच्या सवयीने क्रम लावणारे तो विसरतात.

घुंगरं वेगळ्या ट्रॅकवर असती तर दोन-तीन डेसिबल खाली ओढून चाललं असतं. ती ड्रम्सच्या माइकात मिसळलेली असल्याने ती दाबली की झांजाही मेल्या. शेवटी क्रमच बदलला : ते गाणं पहिल्या बाजूच्या आरंभी, ‘सायलेंट नाइट’ शेवटी. बाजू १७ मिनिटांचीच असल्याने आवाजाची पातळी उतरवावी लागली नाही. एकाच बाजूचं लॅकर (खाच कोरलेली मूळ तबकडी) पुन्हा कापलं, पुन्हा निकेल चढवून साचा केला. वेष्टण श्रेयाच्या दुरुस्तीसाठी थांबवलेलं होतं म्हणून त्यावर नवा क्रम छापता आला, नाहीतर ५०० वेष्टणं वाया गेली असती. सीडी आणि डिजिटलवर जुनाच क्रम राहिला. याबद्दल कुणी तक्रार केली नाही.

डिजिटल प्रकाशन

या भागात फारसं बिघडलं नाही. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी, आणि एका वेळी एकच अप्रकाशित गाणं. अल्बम एकदम सोडला की दहातलं एकच सुचवता येतं. म्हणून दोन्ही स्वतःची गाणी २० सप्टेंबर आणि ४ ऑक्टोबरला सुटी काढली, आणि अल्बममध्ये घेताना त्यांचे आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक ध्वनिमुद्रणाची ओळख-खूण) तेच ठेवले, म्हणजे ऐकण्याची मोजणी चालू राहते. सप्टेंबरात ख्रिसमसचं गाणं हा प्रकार गायिकेला हास्यास्पद वाटत होता. ऐकणाऱ्यांसाठी तो तसाच आहे. पण संपादकांच्या याद्या नोव्हेंबरच्या आधीच भरतात.

२०२४ पासून आणखी एक अट आहे : मागच्या बारा महिन्यांत एक हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याला स्पॉटिफायवर ध्वनिमुद्रणाचा पैसा मिळत नाही. वर्षातून सहा आठवडेच जागं असणाऱ्या गाण्याला हा उंबरठा जड जातो.

निकाल

सीडी आणि डिजिटल १८ ऑक्टोबरला निघाले. एलपी टेबलावर आली २६ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या दोन दिवस आधी. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे कार्यक्रम एलपीशिवाय गेले, पण डिसेंबरचा पूर्ण हंगाम मिळाला. तीन-चतुर्थांशांहून जास्त एलपी त्याच हंगामात संपल्या, उरलेल्या खोक्यात बंद करून पुढच्या वर्षासाठी ठेवल्या. ख्रिसमसचा माल सवलतीत फुंकून टाकायचा नसतो.

डिजिटलवर स्वतःची दोन गाणी सर्वांत पुढे राहिली. हक्कमुक्त कॅरोलपैकी दोन गाणी एक हजार वेळांच्या आतच थांबली. ‘सायलेंट नाइट’ शोधणाऱ्यापुढे हजारो आवाज असतात, त्या गर्दीत नवा आवाज सापडत नाही. रेडिओवरही हाच हिशेब. अमेरिकेत एएम-एफएम केंद्रं गायकाला काही देत नाहीत, फक्त गीतकार-संगीतकाराला देतात. डिजिटल रेडिओचा पैसा साउंडएक्स्चेंज ही संस्था वाटते : ध्वनिमुद्रणाच्या मालकाला ५० टक्के, मुख्य कलाकाराला ४५, बाकीच्या वादक-गायकांना ५. गायिका स्वतःच मालक असल्याने पहिले दोन हिस्से तिचेच, पण केंद्रांनी वाजवली ती तिची नवी गाणीच.

कडव्याच्या परवानगीबाबत प्रकाशकाचं उत्तर ऑक्टोबरच्या मध्यावर आलं : परवानगी देतो, पण त्या कडव्याचा हक्कही आमचा आणि लेखनात हिस्सा नाही. या धंद्यात हीच अट बहुतेक वेळा येते. तोवर सीडी छापून झाल्या होत्या. तिने नकार कळवला.

वेगळं काय करता आलं असतं

तपासणी एप्रिलमध्ये, चार्ट लिहिण्याआधी व्हायला हवी होती. प्रत्येक गाण्यापुढे तीन रकाने : शब्द कुणाचे आणि कधी प्रसिद्ध झाले, चाल कुणाची आणि कधी, आणि आपण ज्या छापील प्रतीवरून घेतलं तिची मांडणी कुणाची. तिन्ही रकाने भरल्याशिवाय ‘पारंपरिक’ हा शब्द लिहायचा नाही. दुसऱ्याच्या अल्बमवर तसं छापलंय, हा पुरावा नव्हे. एएसकॅप आणि बीएमआय या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थांची सामायिक साँगव्ह्यू यादी, स्ट्रीमिंगचा एकत्रित परवाना सांभाळणाऱ्या एमएलसीची शोधयादी आणि कॉपीराइट कार्यालयाची नोंदवही, तिन्ही फुकट आहेत. दोन्ही गाणी तिथे दहा मिनिटांत सापडली असती. प्लांटचा फॉर्मही आधीच मागवून भरायला बसावं. तो कंटाळवाणा कागद या अख्ख्या कामातला एकमेव तटस्थ तपासनीस ठरला.

शब्द किंवा चाल बदललेली असेल, अगदी आपल्याला हक्काची खात्री असली तरी, मूळ शब्दांचा एक टेक त्याच दिवशी घ्यावा. सात वादक खोलीत बसलेले असताना आणखी चार मिनिटं जवळजवळ फुकट असतात. तीन महिन्यांनी तीच चार मिनिटं गोळा करायला विमानतिकीट, खोलीभाडं आणि एलपीची जागा गेली. घुंगरं, डफली, टाळ्या वेगळ्या ट्रॅकवर, ड्रम्स झाल्यानंतर, शक्यतो रिबन माइकने दीड-दोन मीटरवरून घ्याव्यात. आणि एलपीची तारीख डिजिटलच्या तारखेला बांधू नये.

निर्मात्याशी केलेला करारही सावधपणे लिहिता आला असता. ‘सहा गाण्यांवर हिस्सा’ असं लिहिण्याऐवजी ‘जी गाणी हक्कमुक्त ठरतील त्यांवर हिस्सा, बाकीच्यांवर अमुक रक्कम’ असं एक वाक्य पुरेसं होतं.

महाराष्ट्रात किंवा गोव्यात असं काम करणाऱ्यांनी हे नियम उचलून चालणार नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. त्यामुळे १९१९ मध्ये निधन झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांची मराठी भजनं कुणीही गाऊ शकतं, चाल नवी कुणाची आहे तेवढं पाहायचं. पण हक्क असलेल्या गाण्याच्या कव्हरसाठी आपल्या कायद्याचं ३१सी कलम मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षं थांबायला लावतं आणि दर वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी मागतं. ५०० एलपी काढणाऱ्याला ते परवडत नाही. त्याला मालकाशी थेट बोलूनच परवाना घ्यावा लागतो.

नव्या कडव्याचा मूळ टेक पुसलेला नाही. १ जानेवारी २०३० ला नाइल्स यांचं गाणं अमेरिकेत हक्कमुक्त होईल आणि ते कडवं कुणालाही न विचारता काढता येईल. नाइल्स १९८० मध्ये वारले. त्यामुळे मृत्यूनंतर ६० वर्षं मोजणाऱ्या भारतात ते गाणं २०४० अखेरपर्यंत, आणि ७० वर्षं मोजणाऱ्या युरोपात २०५० अखेरपर्यंत बांधलेलं राहू शकतं, ते देशागणिक तपासावं लागेल. ते तपासेपर्यंत वितरकाच्या फॉर्मवर देशांच्या यादीत फक्त अमेरिकेवर खूण करावी लागेल.